पंधरा जुलैची कुपी

दि. ६ सप्टेंबर

प्रिय घाईबाई,

आत्याचे आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकशील, हे मी धरूनच चालले आहे. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, ते घरात पडून राहतं. एखाद्या दिवशी दुसरंच काही शोधताना हाती लागेल आणि राग विसरून वाचशील. विसरली नसलीस तरी वाच.

माझं बरं चाललं आहे. गुडघा कुरकुरतो, पण हात अजून स्थिर आहेत, आणि आमच्या कामात हातच महत्त्वाचे. मागच्या सोमवारी नवी बारा मुलं आली. लॅबच्या प्रशिक्षण कार्यक्रमाची ही अकरावी तुकडी. सरांनी तुमच्या वेळचंच भाषण पुन्हा केलं: तुम्ही उद्याचे संशोधक, ही दोन वर्षं म्हणजे तुमचा पाया, इथून निघालात की थेट पीएच.डी. मुलांचे चेहरे असे काही उजळले की मला हसू आवरेना. मग सर आपल्या खोलीत गेले. उद्याच्या संशोधकांना थेंब मोजायची पिपेट धरायला शिकवायचं कोणी? मी. बाटलीचं झाकण उघडं किती वेळ ठेवायचं, हातमोजे कधी बदलायचे, पेशींचा फ्लास्क इनक्युबेटरमधून काढताना श्वास कुठे सोडायचा, हे सांगायचं कोणी? मीच. त्यातल्या एका उद्याच्या संशोधकाने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "मावशी, हा कचरा कुठे टाकू?" तेवीस वर्षं टेक्निशियन आहे आणि तसं माझ्या कोटाच्या खिशावर शिवलेलंही आहे. पण केस पिकलेल्या बाईच्या खिशावर काय लिहिलंय ते कोण वाचतो?

तूही तिथे मला मावशीच म्हणायचीस म्हणा. ते आपलं ठरलेलं होतं. नाहीतर लोक म्हणाले असते, बाईने भाचीला आत घुसवलं. सख्ख्या भावाची मुलगी मला मावशी म्हणून हाक मारते आणि मी "काय गं?" म्हणून विचारते, ह्याची मला सुरुवातीला फार गंमत वाटायची. नंतर नंतर वाटेनाशी झाली.

आता पत्राचं कारण. दादा परवा फोनवर म्हणाला की तू क्लासमध्ये शिकवतेस आणि पुन्हा पीएच.डी.चे अर्ज भरते आहेस. त्याच्या आवाजात अभिमान होता. मला मात्र काळजी वाटली. राग मानू नकोस, पण त्या वाटेला पुन्हा जाऊ नकोस. मी अकरा तुकड्या पाहिल्या. जी मुलं पुढे गेली त्यांचंही सगळं गोडगोड नाही. कोणी सहा वर्षं एका प्रथिनाच्या मागे फिरतंय, कोणी गाइडच्या मुलाला शाळेतून आणतंय. तुला चांगली बुद्धी आहे, हात तर सोन्याचे आहेत. रक्त-लघवी तपासणाऱ्या एखाद्या चांगल्या लॅबमध्ये लाग. नोकरी पक्की, संध्याकाळी घरी. मी ओळखीच्या दोघांना विचारून ठेवते.

आणि त्या फेब्रुवारीतल्या मीटिंगचं अजून मनात धरून बसली असशील तर एक सांगते. त्या खोलीत तुझ्या बाजूने बोलणारी मी एकटीच होते. बाकीचे मूग गिळून बसले होते. मी म्हणाले, "नवीन मुलं आहेत, सर. होतं कधी कधी." तू ते कसं घेतलंस कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून तू बोलणंच सोडलंस.

असो. तब्येतीला जप. दादाला सांग, डोळ्यांची तपासणी टाळू नकोस म्हणावं.

तुझी,
आत्या


दि. २२ सप्टेंबर

घाईबाई,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, दोन ओळी! "१९ ऑक्टोबरला मुलाखत आहे. कार्यक्रम अर्धवट का सोडला हे विचारणारच. पेशींच्या रजिस्टरमधली मागच्या वर्षीच्या जुलैची पानं फोटो काढून पाठव." मायना नाही, शेवटी नाव नाही. सरसुद्धा इतकं तुटक लिहीत नाहीत.

रजिस्टर बाहेर देता येत नाही हे तुला ठाऊक आहे. फोटो काढायलाही सरांची परवानगी लागते. आणि जुलैची पानं तुला कशाला? तू आलीस एक ऑगस्टला. तुझं जे काही काम आहे ते ऑगस्टपासून पुढच्या पानांवर आहे, तुझ्याच अक्षरात आहे, आणि अक्षर चांगलं आहे. मुलाखतीत सांग की घरगुती अडचण होती. सगळे तसंच सांगतात. मुलाखत घेणाऱ्यांना दिवसभरात चाळीस मुलं बघायची असतात, ते खोदत बसत नाहीत.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. मी तुला जन्मापासून ओळखते. तू प्रश्न सरळ विचारत नाहीस, आधी शेजारचं दार वाजवतेस.

एक गोष्ट मात्र आज बोलूनच टाकते, कारण मनात ठेवून ती आंबली आहे. डिसेंबरात तू सगळ्यांसमोर तुझं काम मांडलंस. यकृताच्या पेशींवर औषध घातलं आणि सहाव्या आठवड्यापासून त्या औषधाला दादच देईनात, म्हणून सभागृह कान टवकारून ऐकत होतं. मी शेवटच्या रांगेत उभी होते, प्रोजेक्टरची वायर धरून, कारण ती सैल होती. शेवटी तू आभार मानलेस. सरांचे मानलेस, कार्यक्रमाचे मानलेस, शेजारच्या लॅबमधल्या त्या आगाऊ पोराचे मानलेस ज्याने तुला एक आलेख काढून दिला. मग म्हणालीस, "आणि तांत्रिक कर्मचारी." पुढची स्लाइड.

तांत्रिक कर्मचारी म्हणजे मी! ज्या बाईने तुझ्या बोटांवर बोटं ठेवून तुला पहिला थेंब मोजायला शिकवला ती. आपलं ठरलेलं होतं, नात्याचा उल्लेख नको, हे मान्य. पण नाव घ्यायला काय झालं होतं? बाकीच्यांची नावं होतीच ना? त्या दिवशी मी वायर सोडून दिली असती तर पडदा काळा झाला असता. सोडली नाही. पण फार मनाला लागलं, आणि ते लागलेलं तसंच राहिलं.

हे मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. का लिहिते आहे ते माझं मलाही नीट कळत नाही. नव्या मुलांना आज सकाळी पेशी कशा सांभाळायच्या ते दाखवत होते. नेहमीचा पहिला धडा: हुडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या त्या कपाटात, एका वेळी पेशींची एकच जात, आणि प्रत्येक जातीला खाद्याची वेगळी बाटली. दोन फ्लास्क शेजारी शेजारी काढायचे नाहीत, मग कितीही घाई असो. एका मुलीने विचारलं, "आणि काढले तर?" मी म्हटलं, "तर जी जात जोमाने वाढते ती दुसरीला गिळते. आणि वरून बघून काही कळत नाही." मी हातमोजे काढून ठेवले. मुलांना वाटलं, धडा संपला.

पानांचं पुन्हा विचारू नकोस.

आत्या


दि. ८ ऑक्टोबर

घाईबाई,

ह्या पत्रासोबत चार कागद आहेत. आधी हे वाच, मग ते बघ.

त्या पेशी तू खराब केल्या नाहीस. मी केल्या.

आठवडाभर ही ओळ लिहिते आणि फाडते आहे. आज सगळ्यात आधी लिहून टाकली, म्हणजे आता मागे फिरायची सोय नाही.

मागच्या वर्षी नऊ जुलैला निवडीची यादी लागली. सकाळीच. बारा नावांत तुझं सातवं. मला वाटलं, तू कॉलेजमधून घरी पोचायच्या आत मी दादाकडे पोचावं आणि तूच दार उघडताना मी आत बसलेली दिसावी. म्हणून लवकर निघायचं ठरवलं. त्या दिवशी दोन जातींच्या पेशींना खाद्य द्यायचं होतं: यकृताच्या त्या, आणि दुसऱ्या, ज्या भसाभसा वाढतात. दोघींना खाद्याचं एकच लाल पाणी चालतं. वेगळी बाटली काढायची, ती कोमट होईपर्यंत थांबायचं, मधे हुड पुसायचा, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, ह्यात तास गेला असता. मी दोन्ही फ्लास्क एकदम काढले. एकच बाटली. पिपेटही तीच बाटलीत पुन्हा बुडवली. जे मी अकरा तुकड्यांना करू नका म्हणून सांगितलं, ते स्वतः केलं, गाणं गुणगुणत केलं, आणि साडेतीनला निघाले. तुला आठवत असेल, तू दार उघडलंस आणि मला बघून दप्तर खालीच टाकलंस.

पंधरा जुलैला मी त्या यकृताच्या म्हणवणाऱ्या पेशींच्या दहा कुप्या भरून गोठवल्या. ऑगस्टमध्ये तू आलीस तेव्हा तुला त्यातलीच एक, वर पंधरा जुलै लिहिलेली, काढून दिली. म्हणजे तुझ्या हातात पडायच्या आधीच त्या बिघडलेल्या होत्या. त्या दुसऱ्या थोड्याच मिसळल्या असतील, म्हणून सुरुवातीला यकृताच्या पेशी औषधाने मरत होत्या. मग त्या दुसऱ्यांनी सगळं व्यापलं आणि तुला वाटलं, शोध लागला.

आता सतरा फेब्रुवारी. त्या खोलीत तूही होतीस, पण माझ्या बाजूने काय होतं ते तुला माहीत नाही. पेशींची ओळख पटवणारी तपासणी आली होती आणि सरांनी कागद टेबलावर ठेवला. "ह्या यकृताच्या पेशी नाहीतच. कोण हाताळत होतं?" सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सर, मी एकदाही दोन फ्लास्क एकत्र काढलेले नाहीत." बोलणं अगदी स्पष्ट. सर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही हिच्यासोबत असायचात. काढले होते का हिने?"

आणि तेवढ्यात तू मला म्हणालीस, "आत्या, सांग ना."

सहा महिन्यांत पहिल्यांदा. सगळ्यांसमोर. सरांच्या भुवया वर गेल्या. निवडीच्या कागदांवर मी सही करून दिली होती की उमेदवारांत माझा कोणी नातेवाईक नाही. नऊ जुलै मला त्याच क्षणी आठवला, हेही खरं. वर तो डिसेंबरही आठवला. हे सगळं एका श्वासात होतं, घाईबाई. विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. मिळाला होता. मी पूर्ण श्वास घेतला आणि मग म्हणाले, "नवीन मुलं आहेत, सर. होतं कधी कधी."

मायेचं वाक्य होतं ना? ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारी पाठीशी घालते आहे. त्या वाक्याने तुझं सगळं संपलं. तुझ्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. तुझ्या फाइलवर "निष्काळजी" असा शेरा गेला, आठ दिवसांत तुझं नाव कार्यक्रमातून निघालं, शिफारसपत्र हातचं गेलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझ्या बाजूने बोलणारी मी एकटीच होते. ते लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नाही. इतकी सवय झाली होती.

मार्चमध्ये मी उरलेल्यांतली एक कुपी गुपचूप तपासणीला पाठवली. नाव दिलं नाही, नुसता क्रमांक टाकला. वाटत होतं, कदाचित ती शुद्ध निघेल, मग मी सुटले. ती मिसळलेलीच निघाली. मी तो कागद कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गोठवणाच्या टाकीतल्या बाकीच्या कुप्या काढून नष्ट केल्या. पुरावा गेला असं मला वाटलं. पण अर्जावर गोठवल्याची तारीख विचारतात, आणि ती मी खरी लिहून बसले होते. पंधरा जुलै. तारीख खोटी लिहायची, हे हाताला सुचलंच नाही. तोच कागद सोबत आहे. दुसरा कागद म्हणजे रजिस्टरच्या जुलैच्या पानांचा फोटो. अक्षर माझं आहे. तिसरा माझा सही केलेला जबाब. चौथी पोस्टाची पावती: ह्याच तिन्हींच्या प्रती मी तुझ्या मुलाखतीच्या समितीला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवल्या आहेत. एकोणीस तारखेच्या आत पोचतील. वाचतील की नाही, मला माहीत नाही. वाचून म्हणतील की हे त्यांचं घरगुती भांडण दिसतंय, तेही होऊ शकतं. तुझं एक वर्ष गेलं, ते तर मी कुठूनच आणून देऊ शकत नाही.

पहिल्या पत्रात मी तुला रक्त तपासायच्या नोकरीत ढकलत होते, त्याचं कारणही आता तुला कळलं असेल. तू अर्ज केला नसतास तर कोणी काही विचारलं नसतं.

इथवर लिहून थांबणार होते. पण एक राहिलं, आणि तेच लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.

जबाब पोस्टात टाकण्याआधी काल सकाळी मी तो घेऊन सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, त्यांना आधी कळू दे. बसा म्हणाले, चहा मागवला. तेवीस वर्षांत त्या खोलीत मी बसले नव्हते. त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मला मार्चपासून माहीत आहे, बाई."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तपासणीच्या प्रत्येक अहवालाची प्रत प्रमुखाला येते. तुम्हीच तर त्या फाइलला लावता. ही एक मी लावायला दिली नाही."

खरंच, मीच लावते. तेवीस वर्षं मी त्या प्रती फाइलला लावल्या आणि नेमकं तेव्हाच विसरले. मी विचारलं, "मग तुम्ही त्या मुलीला परत का नाही बोलावलं?"

ते शांतपणे बोलले; रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. "बाई, मुलं दर वर्षी बारा येतात. एक गळाली तर अहवालात एक ओळ लागते. टेक्निशियनची चूक निघाली तर टाकीतली एकूण एक कुपी तपासावी लागते, दोन वर्षं काम बंद. आणि तुमच्यासारखा हात मला पुन्हा कुठे मिळणार? ही लॅब तुमच्यावर उभी आहे." मग जबाब माझ्याकडे सरकवला. "हा मी पाहिला नाही. घरी न्या, फाडून टाका. भाचीला म्हणावं, दुसरं काहीतरी कर, हुशार आहे."

मी तो कागद उचलला आणि थेट पोस्टात गेले. पुढे माझं काय करायचं ते करोत, त्याची मला फिकीर नाही. तुझ्या नजरेत त्यामुळे माझा काही मान वाढावा असंही नाही.

पण खरं सांगायचं तर सगळंच सांगते. मला जन्मभर वाटत आलं की त्या इमारतीत मला कोणी मोजत नाही. मी मुलं घडवायची आणि ती पुढे जाऊन माझं नावसुद्धा विसरायची, ह्या एका दुःखावर मी तेवीस वर्षं काढली. तुझ्यावरही त्याचाच राग काढला. आणि काल कळलं की मला मोजत होते. तुझ्याहून जास्त मोजत होते. माझ्यासाठी तुला टाकून दिलं होतं. "ही लॅब तुमच्यावर उभी आहे" असं ते म्हणाले, तेव्हा तुझी फाइल त्यांच्या मागच्याच कपाटात होती, आणि मला, एक क्षणभर का होईना, आनंद झाला.

माझ्या ह्या आनंदाचा पुरावा सोबतच्या चार कागदांत नाही, म्हणून हाताने लिहून पाठवते आहे.

क्षमा मागत नाही. ती देण्याचं ओझं तुझ्यावर कशाला? दादाला हे तू वाचून दाखव, त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. मुलाखतीला जा. विचारलं तर काही झाकू नकोस, माझं नाव पूर्ण सांग.

आत्या म्हणून सही करवत नाही.

तुझ्या वडिलांची बहीण